चित्रकलेचा तास कोणाचा?

आपण सारे 'कला शाखे'चे विद्यार्थी आहोत. प्रवेश अर्जावर तसे छापलेले असते, ओळखपत्रावर असते, आणि कोणी पाहुण्याने "सध्या काय करतोस?" म्हणून विचारले की आपण ते जरा खालच्या आवाजात सांगतो. माझ्या एका मामांनी मला यावर अगदी गंभीरपणे विचारले होते, "म्हणजे चित्रं काढतोस का?" मी म्हणालो, "नाही मामा, मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र." मामा म्हणाले, "मग तिला कला कशाला म्हणतात?" घरातले सगळे हसले, मीही हसलो. पण मामांचा प्रश्न नंतर बरेच दिवस डोक्यात घोळत राहिला. कला शाखेत कला नाही हे एक वेळ चालेल, त्या शब्दाचा अर्थ येथे निराळा आहे. परंतु ज्या शाळांतून आपण येथवर आलो, त्या जिल्हा परिषदेच्या आणि तालुक्याच्या गावच्या शाळांत तरी कला होती काय? असली तर ती कोणासाठी होती? या प्रश्नाचा थोडा विचार आपल्या वार्षिकांकाच्या निमित्ताने करावा असे वाटले.

माझ्यापुरते प्रांजळपणे सांगतो. सातवीपर्यंत मी गावच्या शाळेत होतो. तेथे चित्रकलेचे शिक्षक नव्हते. 'खेळू, करू, शिकू' नावाचे पाठ्यपुस्तक मात्र वर्गात होते, आणि त्याचा करण्याशी किंवा खेळण्याशी फारसा संबंध येऊ न देण्याची काळजी आम्ही सर्वांनी घेतली. आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात गेलो. तेथे चित्रकलेचे सर होते, वेळापत्रकात आठवड्याला तासही होते. पण तास सुरू झाला की दारात गणिताचे सर उभे राहत. "आज तुमचा हा तास मी घेतो. भाग मागे पडलाय." त्यांचा भाग वर्षभर मागेच पडत असे. मग चित्रकलेचे सर काय करीत? ते दर्शनी फळ्यावर सुविचार लिहीत, प्रमाणपत्रांवर वळणदार अक्षरात नावे घालीत, पाहुणे येणार असले की स्वागताचा फलक रंगवीत आणि संमेलनाच्या आधी आठ दिवस रंगमंचाच्या मागे थर्माकोल कापीत बसत. साऱ्या शाळेत त्यांच्याइतके राबणारे कोणी नव्हते, आणि शिकवण्याची संधी त्यांच्याइतकी कमी मिळणारेही कोणी नव्हते.

अशा शाळेतूनच मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या. कारण सरळ होते. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे जादा गुण दहावीच्या निकालात मिळत. परीक्षेच्या आधी महिनाभर सरांनी शाळा सुटल्यावर आम्हाला बसवले. वस्तुचित्रात मडके आणि वांगे कसे काढायचे, संकल्पचित्रात कोणते आकार घेतले की परीक्षकांना बरे वाटते, स्मरणचित्रासाठी बाजाराचे किंवा पाणवठ्याचे एकच दृश्य कसे पाठ करून ठेवायचे, हे सारे आम्ही घोकले. मला 'बी' श्रेणी मिळाली. त्याचे पाच गुण निकालपत्रकात जमा झाले. त्या दिवसानंतर मी कुंचला हातात धरलेला नाही. रंगांची पेटी माळ्यावर आहे, आणि तिच्यातले रंग आता दगड झाले असतील. यात सरांचा दोष नाही. हातात उरलेल्या महिनाभरात त्यांना जे करता येण्यासारखे होते ते त्यांनी केले.

हे सगळे मी विसरूनही गेलो असतो. परंतु गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या शिबिरात एक प्रसंग घडला. शिबिराला आलेल्या मित्रांना ते गाव आठवत असेल, म्हणून नाव मुद्दाम लिहीत नाही. आपली मंडळी शोषखड्डे खणत होती आणि एका दुपारी शाळेतल्या मुलांना गुंतवून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. शाळा पहिली ते सातवीची, शिक्षक चार, आणि पट सारा मिळून शंभराच्या आत. मोठ्या वर्गांतली एकतीस मुले माझ्यासमोर बसली. मी कोरे कागद वाटले आणि म्हणालो, "काढा चित्र. काय वाटेल ते काढा."

अर्ध्या तासाने कागद गोळा केले. एकतीसपैकी सत्तावीस कागदांवर एकच चित्र होते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली वळणावळणाची नदी, काठावर एक कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचे झाड. मित्रहो, त्या गावात नदी नाही. एक ओढा आहे, तोही दिवाळीनंतर आटतो. डोंगर म्हणावा असा उंचवटा पंचक्रोशीत नाही. घरे माळवदाची आणि पत्र्याची. आणि नारळ त्या गावात फक्त मारुतीच्या देवळात फुटतो! मुलांनी हे चित्र पाहिले कुठे? वरच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांत. त्या मुलांनी पाहिले त्यांच्या वरच्या वर्गात. मीही लहानपणी हेच चित्र काढीत होतो, आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी हेच काढले असेल. "काय वाटेल ते काढा" असे सांगितल्यावर एकतीस मुलांना काय वाटायला हवे तेही आधीच ठरलेले होते.

मी दुसऱ्यांदा कागद वाटले. म्हणालो, "आता डोंगर नाही, नदी नाही. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं काढा." मुले गोंधळली. थोड्या वेळाने एकेक जण कामाला लागला. कोणी पोळ्याचा बैल काढला, कोणी पिठाची गिरणी. सहावीतला एक मुलगा कोपऱ्यात पाठ करून बसला होता. तो वर्गात तोंड उघडत नाही असे गुरुजींनी मला आधीच सांगितले होते. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. आदल्या वर्षापर्यंत तोही दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तळावर जात असे, त्या वर्षी प्रथमच आजीने त्याला ठेवून घेतले होते. मी जाऊन पाहिले. त्याने खाली लहान लहान त्रिकोण काढले होते आणि वर कागदाच्या टोकापर्यंत जाणारी एक उभी रेघ.

"हे काय रे?"

"कोप्या."

"आणि हा खांब?"

"खांब न्हाई दादा, कारखान्याची चिमणी हाय. तिला रातभर लाईट असते. कोप्यात अंधार असतो."

टायरगाडी होती, बैल होते. गाडीजवळ एक बाई होती, तिला डोकेच नव्हते. मी म्हणालो, "हिचं तोंड काढायचं राहिलं का?" तो म्हणाला, "माय हाय ती. डोक्यावर मोळी असली की तोंड दिसत न्हाई."

मी काही बोललो नाही. गुरुजी मागे येऊन उभे होते, त्यांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी त्या मुलाकडून चित्राखाली आठ ओळी लिहून घेतल्या. कोप्या कशाच्या बांधतात, पहाटे किती वाजता उठतात, गाडी भरायला कोण कोण लागते. त्या आठ ओळींत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु गुरुजी मला म्हणाले, "या पोरानं स्वतःहून लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहतोय." इंटरमिजिएटसाठी मी पाठ केलेला बाजार आणि या मुलाचा कारखान्याचा तळ यांतले खरे स्मरणचित्र कोणते, हे मला तेव्हा कळले.

कलाशिक्षणाचा प्रश्न मला या जागी दिसतो. शाळेने प्रत्येक मुलाचा चित्रकार करावा असे माझे म्हणणे नाही. परंतु मुलाने जे पाहिले, भोगले, ऐकले, ते मांडण्याची एक जागा शाळेत असली पाहिजे. भाषेच्या तासाला ही जागा असते हे खरे, पण ज्याला अक्षर अजून साधलेले नाही, किंवा ज्याच्या घरची बोली शाळेत हसण्यावारी नेली जाते, त्याने काय करावे? त्याला रेघ आहे, रंग आहे, ताल आहे, माती आहे.

आता कोणी म्हणेल, की हे सारे कागदावर मान्य झालेलेच आहे. खरे आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कलाशिक्षणाच्या उपेक्षेची दखल घेतली होती. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ याने शालेय शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर कला हा विषय असावा अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातल्या भिंती नकोत असे म्हटले आहे. शब्दांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. प्रश्न माणसाचा आहे. वर्गात शिकवायला उभा कोण राहणार?

या ठिकाणी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचण्यासारखी आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक असावेत असे ती सांगते. पण त्याला एक अट आहे. मुलांची संख्या शंभराहून अधिक हवी. म्हणजे तीन इयत्ता मिळून शंभरावर, दर इयत्तेत तेहतीस-चौतीस मुले. वर सांगितलेल्या गावात सगळ्या इयत्ता मिळून शंभर मुले नाहीत. अशी लहान गावे आपल्या भागात किती आहेत हे मी सांगायला नको. मोठ्या गावाला अर्धवेळ शिक्षक आणि लहान गावाला कोणीच नाही, असा याचा अर्थ झाला. शहरातल्या मुलाचे यात काही अडत नाही. शाळेत नसेल तर त्याचे आईवडील त्याला छंदवर्गाला घालतात, तबल्याला पाठवतात, सुटीत नाट्यशिबिराला नेतात. ऊसतोड कामगाराच्या मुलाला शाळेखेरीज दुसरे दार नाही. ते बंद असले तर तो बाहेरच राहतो.

मग शाळांत कला अजिबात नाही काय? दिसायला आहे, आणि तेच मला खटकते. आपल्या भागातल्या कितीतरी शाळांच्या कुंपणभिंतींवर वारली चित्रे रंगवलेली दिसतात. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे. चित्रे देखणी असतात. परंतु वारली समाज आहे पालघर-डहाणूकडे. तेथे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका हा चौक लिहीत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला घराच्या भिंतीवरून कागदावर आणि तेथून जगापुढे नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही ओळख मुलांना कोणी करून दिली आहे काय? भिंत रंगाऱ्याने रंगवली, बिल निघाले, फोटो निघाला, आणि "भिंतीला हात लावायचा नाही" अशी मुलांना ताकीद मिळाली. मुलांच्या शाळेच्या भिंतीवर मुलाची एक रेघ नाही. आणि आपल्या गावातल्या पोळ्याच्या मातीच्या बैलांना, दिवाळीच्या पांडवांना, आजीच्या ओव्यांना, गोंधळ्याच्या संबळाला त्या भिंतीच्या आत जागा नाही.

तीच गोष्ट स्नेहसंमेलनाची. पंधरा दिवस अभ्यास बंद, सिनेमाच्या गाण्यांवर नाच, आणि पोशाख तालुक्याहून भाड्याने. ज्याच्या घरून भाड्याचे पैसे येत नाहीत तो आपोआप प्रेक्षकांत बसतो. मी स्वतः असा एक वर्ष बसलो आहे. त्यामुळे त्या भाड्याच्या पैशांविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही, हेही कबूल करतो.

या विषयावर मित्रांशी बोललो तेव्हा दोन आक्षेप पुढे आले. पहिला असा, की ज्या शाळेचे छप्पर गळते आणि जेथे पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, तेथे रंगपेटी मागणे ही चैन आहे. आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून दिले पाहिजे. छप्पर दुरुस्त होईपर्यंत गणित थांबवा असे आपण म्हणत नाही, मग चित्रच का थांबवायचे? आणि वाचनाचे म्हणाल, तर लहान मूल अक्षर काढण्यापूर्वी रेघोट्या ओढते. अंगणातल्या धुळीत, भिंतीवर, कोळशाने, खडूने. हात वळतो तो तेथे. आठ ओळी लिहिणारा तो मुलगा चित्रातून लिहिण्याकडे आला, हे मी डोळ्यांनी पाहिले. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये हे मला ठाऊक आहे. पण चित्राने वाचनाचे नुकसान होते असे दाखवणारे एकही उदाहरण मला अद्याप कोणी दिलेले नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा. चित्र काढून भाकरी मिळते काय? माझ्या ओळखीचा एक तरुण कलाशिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., घेऊन बसला आहे. सध्या तो एका फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक तयार करतो. आक्षेप घेणारा मित्र म्हणाला, "बघ, हेच मी सांगतोय." मला मात्र त्यातून उलटेच दिसते. एका बाजूला शिक्षक नसलेल्या शाळा आहेत आणि दुसऱ्या बाजूला शाळा नसलेला शिक्षक आहे. मधल्या पुलावर मान्यता, पट आणि अनुदान यांचे कागद अडकून पडले आहेत. त्या मुलाच्या भाकरीचा प्रश्न कलेने निर्माण केलेला नाही.

शिवाय हा विचार आपल्या मातीला परका नाही. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा दरबारात आणि घराण्यांत अडकलेले गाणे सामान्य माणसाच्या मुलामुलींपर्यंत यावे हाच त्यांचा ध्यास होता. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला गेला, त्यात हात आणि बुद्धी यांची फारकत नको हे मुख्य सूत्र होते. पुढे १९४४ पासून देवी प्रसाद यांनी सेवाग्रामच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवली. कला हाच शिक्षणाचा पाया, असे त्यांच्या एका पुस्तकाचे शीर्षकच सांगते. ते शांतिनिकेतनात शिकलेले होते, पण त्यांनी आपले काम केले ते विदर्भातल्या एका साध्या खेड्यात. रत्नाकर मतकरींनी २०१४ पासून ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, त्यात वस्तीतल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका केल्या. खर्चीक नेपथ्याविना हे होऊ शकले. कारण तेथे मुलांना काय सांगायचे आहे हे आधी विचारले गेले.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीला सुचते ते लिहितो. लहान शाळेला स्वतंत्र कलाशिक्षक देणे शासनाला परवडणार नाही असे मानले, तरी एका केंद्रातल्या शाळांना मिळून एक पूर्णवेळ कलाशिक्षक देता येईल. तो आठवड्याचे दिवस वाटून शाळा करील. शंभराची अट एकेका शाळेला न लावता केंद्राला लावावी, म्हणजे कायद्याचा हेतू साधेल. दुसरे, २०२४ साली प्राथमिक शाळांसाठी 'आनंददायी शनिवार' जाहीर झाला आहे. त्या दिवशी गावातला गोंधळी, शाहीर, कुंभार, सुंदर रांगोळी काढणारी आजी यांना मानधन देऊन शाळेत बोलवावे. सत्काराचा नारळ देऊन त्यांची बोळवण करू नये, त्यांना शिकवू द्यावे. तिसरे, साहित्याचा बाऊ करू नये. गेरू, चुना, काव, हळद, नीळ, कोळसा, चिपाडे आणि ओढ्याची माती एवढ्यावर वर्ष निघते. चौथे आणि सर्वांत सोपे, म्हणून सर्वांत अवघड : वेळापत्रकात जो तास चित्रकलेचा म्हणून लिहिला आहे, तो दुसऱ्या कोणी घेऊ नये.

आपल्याकडूनही काही होण्यासारखे आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आपण महिनाभर तालमी करतो, भारूड बसवतो, पोवाडा बसवतो. ती भारुडे महोत्सवाआधी एकदा शेजारच्या शाळांत का करू नयेत? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शोषखड्ड्यांबरोबर एक दुपार मुलांच्या कागदांसाठी राखून का ठेवू नये? आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बी.एड. करून याच शाळांत शिक्षक होणार आहेत. त्यांतले कोणी गणित शिकवतील, कोणी इतिहास. त्यांचाही भाग मागे पडेल. चित्रकलेच्या वर्गाच्या दारात जाऊन उभे राहण्याचा मोह त्यांनाही होईल. त्या वेळी त्यांनी एवढेच आठवावे, की हा तास गणिताच्या सरांचा नाही आणि चित्रकलेच्या सरांचाही नाही. तो कोपऱ्यात पाठ करून बसलेल्या मुलाचा आहे.

त्या मुलाचे चित्र गुरुजींनी वर्गाच्या भिंतीवर चिकटवले आहे. मी ते मागितले होते. गुरुजी म्हणाले, "नको, ते इथंच राहू द्या. उन्हाळ्यात त्याची माय परत आली की तिला दाखवायचं आहे."